ऑर्व्हिएतो : आईचे गुडघे दुखत असताना एका दिवसात काय पाहावे?

प्रश्न (भुसावळ)
नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आई-वडिलांना घेऊन रोमला बहिणीकडे जाणार आहोत आणि एक दिवस इटलीतील ऑर्व्हिएतो हे डोंगरमाथ्यावरचे जुने गाव पाहण्याचा विचार आहे. आईच्या गुडघ्यांमुळे सप्तशृंगगडावरही आम्ही आता ट्रॉलीनेच जातो. ऑर्व्हिएतोत किती चढावे लागते आणि तेथील प्रसिद्ध विहीर तिला झेपेल का?

उत्तर १ (धुळे)
चढणीची काळजी करू नये. रोमहून साध्या गाडीने सुमारे सव्वा ते दीड तासात ऑर्व्हिएतो येते आणि स्थानकासमोरूनच गडासारखीच ट्रॉली, म्हणजे फ्युनिक्युलर, वर जाते. ती १८८८ साली सुरू झाली, तेव्हा वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरून त्याच्या वजनाने खालचा डबा ओढला जाई. आता ती विजेवर चालते. रेल्वेचे कागदी तिकीट घेतल्यास गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का अवश्य मारावा. मी विसरलो आणि तिकीट खिशात असूनही दंड भरला.

डुओमो, म्हणजे तेथील मुख्य चर्च, दुपारनंतर पाहावे, कारण दर्शनी भिंत पश्चिमेकडे असल्याने उतरत्या उन्हात तिच्यावरील सोनेरी मोझाइक झळकते. बांधकाम १२९० साली सुरू झाले. आत सान ब्रित्सियो चॅपेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या छोट्या दालनात, लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. त्यातील एकात मृत माणसे जमिनीतून दोन्ही हातांनी रेटा देऊन वर येत आहेत. काहींच्या अंगावर मांस चढले आहे, काही अजून नुसते सांगाडे आहेत. या एका भिंतीसाठी अर्धा तास राखून ठेवावा. विहिरीला मात्र २४८ पायऱ्या आहेत, त्यामुळे ती वगळलेली बरी.

उत्तर २ (अमळनेर)
शेवटच्या वाक्याशी मी अंशतः असहमत आहे. १५२७ साली रोम लुटले गेल्यावर पोप क्लेमेंट सातवे ऑर्व्हिएतोला आश्रयाला आले आणि वेढा पडल्यास पाणी तुटू नये म्हणून त्यांनी सुमारे ५३ मीटर खोल विहीर खोदण्यास सांगितले; ती १५३७ साली पूर्ण झाली. बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याचे पाणी उताराने शहरापर्यंत येते. ऑर्व्हिएतोच्या सुट्या कड्यावर तसा उतार कुठून आणणार? म्हणून वास्तुरचनाकार अंतोनियो दा सांगाल्लो याने विहिरीभोवती दोन स्वतंत्र जिने गुंफले, जेणेकरून पाणी नेणारी खेचरे एका जिन्याने उतरावीत, दुसऱ्याने चढावीत आणि समोरासमोर अडकू नयेत. खेचरांसाठीच केल्यामुळे पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत आणि आतल्या बाजूला ७० खिडक्या आहेत. तरीही जेवढे उतराल तेवढे चढावेच लागते, लिफ्ट नाही. वडिलांनी उतरावे, आईंना शेजारच्या किल्ल्याच्या बागेत बसवावे, तेथून खालचे खोरे छान दिसते. दोन्ही ठिकाणे ट्रॉलीच्या वरच्या थांब्याजवळच आहेत.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. वडील रेल्वेत होते, त्यामुळे पाण्याच्या वजनावर चालणाऱ्या डब्याचे वाचून त्यांनी विहिरीआधी ट्रॉलीचीच चौकशी सुरू केली आहे. आम्ही शाकाहारी आहोत, जेवणाचे काय?

उत्तर १ (धुळे)
टोमॅटोचा किंवा ट्रफलचा (जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळिंबीचा) पास्ता सहज मिळतो, फक्त रश्श्यात रानडुक्कर नाही ना, एवढे विचारून घ्यावे. त्या भागातला पाव अळणी असतो. शेंगदाण्याची चटणी सोबत ठेवावी.