मदत हवी आहे: कार्टूनमधलं भांडण उचललं, समेट नाही

मुलगी चार वर्षांची, भाऊ अडीचचा. ‘डॅनियल टायगर्स नेबरहूड’ आणि ‘ब्लूई’ ही दोन लहान मुलांची कार्टून एवढंच लावते, तेही शेजारी बसून. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला जास्तीत जास्त 1 तास स्क्रीन सांगते. आमचा अर्ध्याच्या वर जात नाही. कार्टूनमधली भाषा तिला नीट कळते.

अडचण अशी: ज्या भागात कुणाला खेळातून वगळतात आणि शेवटी सामावून घेतात, तो पाहिला की ती फक्त वगळणं उचलते. परवा ठोकळ्यांवर दोन्ही हात पसरून भावाला म्हणाली, “तू आमच्यात नाहीस.” हे वाक्य घरात कुणी बोलत नाही. तो बिचारा एक ठोकळा हातात धरून तसाच उभा राहिला. फार लागलं मनाला.

भाग मध्येच थांबवून “त्याला कसं वाटलं असेल?” विचारलं, तर “पुढे लाव ना!” एकच भाग तीन दिवस दाखवला, तर गाणं पाठ झालं, वागणं तेच. मात्र डॅनियलचं ‘राग आला की खोल श्वास घे, चारपर्यंत मोज’ तिने लगेच घेतलं, आपणहून करते. बहुधा त्यात नेमकी कृती आहे म्हणून.

ओरडून किंवा टीव्ही बंद करून मला हे सोडवायचं नाही. वगळण्याचा प्रसंग न दाखवता, थेट सामावून घेण्याची कृती दाखवणारे भाग किंवा मालिका कुणाला माहीत आहेत का? आणि भाग संपल्यावर नेमकं काय खेळलात, की शेवट मुलांच्या लक्षात राहिला?