मदत हवी आहे: ग्रुपबाय एकाच गावाचे तीन तुकडे का करतंय?

नमस्कार मंडळी, मी कॉमर्सवाला, पायथन व्हिडिओ बघून बघून शिकलोय, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. गोव्यात वाळपईला मामाचा काजूबिया विकत घ्यायचा धंदा आहे. मार्च ते मे नुसती धावपळ, होंडा, केरी, ठाणे, नगरगाव सगळीकडची माणसं पोती घेऊन येतात, मामा वजन करून वहीत लिहितो आणि रात्री जेवण झाल्यावर मी ते सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) भरतो. तारीख, गाव, किलो, बस. मला फक्त गाववार बेरीज पाहिजे होती.

पायथनसोबतच येणाऱ्या इटरटूल्समधलं ग्रुपबाय (सारख्या ओळींचे गट पाडणारं फंक्शन) लावलं, गाव ही की दिली, म्हणजे गट गावावरून पाडायचे, बेरीज डिक्शनरीत टाकली. एरर नाही काही नाही, मी खूश. मामाने वही उघडून बोट ठेवलं, होंडा ३८, ५२ आणि १४, झाले १०४, तुझा कॉम्प्युटर १४ कसा सांगतो रे? मग प्रिंट मारून बघितलं तर होंडा तीनदा वेगवेगळं येतंय. आधी सगळं लिस्टमध्ये घेऊन मग लूप फिरवली तर ग्रुप चक्क रिकामे!

दुसरी भानगड अशी की एका पानावर १२ पावत्या छापायच्यात, माझ्या लॅपटॉपवर इटरटूल्सचं बॅच्ड (ठरावीक संख्येचे गट करणारं) मस्त चालतं, दुकानातल्या मशीनवर इम्पोर्ट एरर. तिथे पायथन ३.१० आहे, नेट नाही आणि मामा अपडेट करू देत नाही (एकदा अपडेटनंतर प्रिंटर बंद पडला होता, ते अजून ऐकवतो). कोणीतरी म्हणालं मोअर-इटरटूल्स घाल. एवढ्याशा कामाला बाहेरची लायब्ररी घ्यावी का?

हुमणशीत: ग्रुपबाय फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं, युनिक्सच्या युनिक कमांडसारखं. मधे केरीची ओळ आली की होंडाचा ग्रुप संपला, पुढचं होंडा नवीन. डिक्शनरीत की तीच असल्यामुळे शेवटचा तुकडा आधीच्यांवर बसला, म्हणून १४. आधी गावावर सॉर्ट कर, मग ग्रुपबाय, आणि दोन्हीकडे की तीच दे. रिकाम्या ग्रुपचं कारण म्हणजे सगळे ग्रुप एकाच इटरेटरवर (एकेक ओळ देत फक्त पुढे जाणारी गोष्ट) चालतात, तू पुढे सरकलास की मागचा गेला. हातात असतानाच बेरीज करून घे.

माडाखाली: सॉर्ट कशाला, पायथनच्याच कलेक्शन्समधला डिफॉल्टडिक्ट (नवीन की आली की शून्यापासून सुरू करता येणारी डिक्शनरी) घे, चार ओळींचं काम. पण पावत्यांसाठी मोअर-इटरटूल्स घालणारच असशील तर त्यातलं मॅप-रिड्यूस वापर, गाव, किलो आणि सम अशी तीन फंक्शनं दिलीस की झालं, सॉर्ट लागत नाही. बॅच्ड पायथनमध्ये ३.१२ ला आलं म्हणून ३.१० वर सापडत नाही. मोअर-इटरटूल्सचं चंक्ड तेच काम करतं, ते तिथे चालेल. एमआयटी लायसन्स आहे, शुद्ध पायथन आहे, त्यामुळे ३.१० ला चालणाऱ्या व्हर्जनची व्हील फाइल (लायब्ररीचं तयार पॅकेज) लॅपटॉपवर उतरव, पेनड्राइव्हवरून नेऊन पिपने (पायथनचा इन्स्टॉलर) टाक. इन्स्टॉलच्या नावात हायफन, इम्पोर्टमध्ये अंडरस्कोअर. मी यात अर्धा तास घालवलाय.

धागाकर्ता: झालं! आधी टाइप एरर आली, सीएसव्हीतून किलो स्ट्रिंग (मजकूर) म्हणून येतात ते लक्षातच नव्हतं, फ्लोट (दशांश आकडा) केलं. होंडा १०४ आलं. पण केरी अजून दोनदा दिसतंय, ६१ आणि ९.५. मॅप-रिड्यूसला पण सॉर्ट लागतं का?

हुमणशीत: नाही. केरीच्या पुढे कुठेतरी स्पेस पडली असणार, रात्री जेवून टाइप करतोस ना. की देताना स्ट्रिप लाव, ते कडेच्या स्पेस काढतं.

धागाकर्ता: स्पेसच होती 😅 ७०.५, वहीशी जुळलं. पावत्यांच्या शेवटच्या पानावर सातच आल्यात, ते बरोबर का?

माडाखाली: बरोबर, चंक्ड उरलेल्या तेवढ्याच देतं. चंक्डचा स्ट्रिक्ट पर्याय ट्रू करू नकोस, नाहीतर बारा भरल्या नाहीत म्हणून व्हॅल्यू एरर देईल आणि मामा परत प्रिंटरचं काढेल.