मराठवाड्यात ईएफटी करणाऱ्यांचा अभ्यासगट: केस न सांगता शिकायचं कसं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. मी लातुरात समुपदेशन करते, त्यातलं निम्म्याहून जास्त काम जोडप्यांचं. ईएफटीची, म्हणजे जोडप्यांच्या भावनांवर काम करणाऱ्या इमोशनली फोकस्ड थेरपीची, चार दिवसांची एक्स्टर्नशिप (सुरुवातीचं प्रशिक्षण) ऑनलाइन केली आहे. (कपाळावर-हनुवटीवर टिचक्या मारायची ईएफटी ती वेगळी. अभ्यासगटाचा विषय काढला की कुणीतरी तिचंच शिबिर पाठवतं, म्हणून आधीच सांगून टाकते.)

माझ्याकडे 'नीट'वाली जोडपी बरीच येतात. मुलीला क्लास लावलेला, आई तिच्याबरोबर इथे खोली करून राहते, वडील गावी नाहीतर नोकरीच्या ठिकाणी. भेट शनिवारी रात्री, रविवारी दुपारी परत. दोन वर्षं असं चाललं की मुलीचा निकाल लागतो आणि ही दोघं माझ्यासमोर येऊन बसतात. प्रशिक्षणातले व्हिडिओ बघताना सगळं उमगल्यासारखं वाटतं. इथे खोलीत एकाच वेळी दोघांना धरून ठेवायचं, आणि नंतर विचारायला शेजारी कोणी नाही.

नांदेड, बीड, परभणी, संभाजीनगर मिळून आम्ही पाच-सहा जण एकमेकांना ओळखतो. महिन्यातून एकदा भेटावं असं चाललंय. दोन अडचणी आहेत. आमच्यात सर्टिफाइड सुपरवायझर कोणी नाही. आणि आपला भाग एवढासा. केस सांगायला घेतली की कुणाच्या तरी मावसभावाची निघते. तुम्ही लोक कसं करता?

गोदाकाठ (नांदेड)

परभणीत भेटा. नांदेडहून सकाळची तपोवन धरली की झालं, संभाजीनगरचेही गाडीनेच येतील, लातूरकरांना परळीवरून यावं लागंल तेवढाच काय तो फेरा. आन् 'जगात जर्मनी' म्हणणारे तुम्हाला उपाशी तर ठेवणार नाहीत. मी येतो. बाकी शहाणपणाचं कोणी सांगंल, मी गाडीचं सांगितलं.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

ताई, तुमच्या दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करते, कारण गटाला वळण तीच लावेल.

केस सांगूच नका. नाव बदलून, गाव बदलून भागत नाही. 'उदगीरकडचे डॉक्टर, बायको शिक्षिका, धाकट्या भावाशी जमिनीचा वाद' एवढं म्हटलं की खोलीतल्या एकाला तरी ते घर माहीत असतं. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो तो मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला; समोरच्या दोघांपैकी कुणाला आजार असो नसो, आपण दंडक तोच पाळावा. पण मला कायद्यापेक्षा दुसरं कारण जास्त पटतं. गोष्ट सुरू झाली की आपण सगळे निवाडा करायला बसतो. सासू कशी, त्याने पैसे कुठे घातले, चूक कोणाची. तास उलटतो, चहा संपतो, आणि थेरपिस्टने त्या क्षणी काय केलं यावर कोणी अवाक्षर बोललेलं नसतं.

ईएफटीत भांडण कशावरून झालं त्यापेक्षा ते फिरतं कसं, हे बघायचं. एक जण मागे लागतो, टोचून बोलतो. दुसरा गप्प होतो, उठून जातो. तो गेला की पहिला आणखी टोचतो. स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी 1980 च्या दशकात कॅनडात हे काम उभं केलं ते जोडप्यांच्या सेशनच्या टेप पुन्हा पुन्हा बघून. टेप मिळाली, दोघांची लेखी संमती असली, तर तीच बघा, दहा मिनिटांचा तुकडा पुरे. पण आपल्याकडे कॅमेऱ्याला हो म्हणणारी जोडपी थोडी. मग रोल-प्ले.

तुमचंच 'नीट'वालं जोडपं घ्या, पण मनाने रचलेलं. शनिवारी रात्री नवरा खोलीवर येतो. आल्या आल्या मुलीला टेस्टचे मार्क विचारतो. बायको ताट आदळते, 'आठ दिवसांनी आलात आन् मार्कच दिसले?' तो मोबाइल घेऊन गच्चीवर. सेशनमध्ये दोघं हेच सांगतायत. टायमर दहा मिनिटांचा.

थेरपिस्ट झालेल्याने आधी फक्त हा फेरा त्यांच्यासमोर ठेवायचा: ताट आदळलं, तुम्ही वर गेलात, तुम्ही खाली एकट्या राहिलात. मग गच्चीवर जायच्या आधीच्या क्षणाशी थांबायचं. 'ताटाचा आवाज आला, तेव्हा छातीत काय झालं?' तो म्हणेल, काही नाही. पुन्हा विचारा, आवाज खाली आणून. कधीतरी तो म्हणतो, 'ह्या घरात मी पाव्हणाच झालोय.' हे वाक्य त्याला जसंच्या तसं परत द्या, त्यावर इस्त्री फिरवू नका. मग, 'हे त्यांच्याकडे बघून सांगता येईल?' त्याने सांगितलं की तिला विचारा, ऐकताना काय झालं. ती जर 'मग मधल्या वारी फोन का नाही करत' म्हणाली तर दचकू नका, तेही कामाचंच आहे. इतकी वाट बघून अचानक ऐकलेल्या शब्दावर कोण लगेच विश्वास ठेवील? ईएफटीत थेरपिस्टने सेशनमध्ये पुन्हा पुन्हा करायच्या पाच चालींना 'टँगो' म्हणतात; त्यांपैकी चार इथवर येऊन गेल्या. पाचवी म्हणजे आत्ता दोघांनी काय केलं ते बांधून त्यांच्यापुढे ठेवायचं. तिला वेळच उरत नाही, म्हणून आठव्या मिनिटाला एक घंटी वाजवा.

बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं नाही. एकाने नवऱ्याचा श्वास आणि आवाज बघायचा. एकाने बायकोकडे, कारण नवरा उलगडायला लागला की सगळे तिला विसरतात. तिसऱ्याने थेरपिस्टने सल्ला किती वेळा दिला ते रेघा ओढून मोजायचं. 'आल्यावर आधी मिसेसची चौकशी करत जा' असं तोंडातून निघालं की रेघ. आमच्याकडे तो कागद शेवटी थेरपिस्टच्या हातात देतात, त्यावर चर्चा करत नाहीत.

आणि भूमिका उतरवा. नवरा झालेल्याने स्वतःचं नाव, गाव, सकाळी काय खाल्लं ते मोठ्याने सांगायचं. पोरकट वाटतं, तरी करा. आपणही संसारातलीच माणसं. त्या खुर्चीत कुणाचं घरचं दुखणं कधी वर येईल सांगता येत नाही.

बालाघाट (बीड)

पाणचक्की मॅडमचं सगळं मान्य. माझं काम महिला समुपदेशन केंद्रातलं, म्हणून एक गोष्ट घालते.

आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल त्या कोयत्यावर. दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या की पुढचे सहा महिने फडात, कोपीत. तिने वेगळं राहायचं म्हटलं की कोयता मोडला, आणि उचल फिटायची राहिली. अशा बाईला मारहाण चालू असताना 'त्यांच्याकडे बघून तुमची भीती सांगा' म्हणायचं, तर त्याची फेड रात्री कोपीत कोण करणार? मारहाण चालू असेल तर ईएफटी करायची नाही, हे प्रशिक्षणातही सांगतात, पण घाईत सांगतात.

म्हणून दर दोन-तीन बैठकांनी एक रोल-प्ले पहिल्या भेटीचा ठेवा. दोघांना वेगवेगळं बसवून विचारायचं कसं. 'घरात कधी हात उचलला जातो का?' हे तिला एकटीला, दार लावून, सासूला बाहेर बसवून. विचारायला जीभ जड होते, सवयच करावी लागते. आणि आपापल्या जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने नेमलेला तो माणूस आहे, पण आपल्यातल्या निम्म्यांनी त्याला पाहिलेलंही नसतं. 181 हेल्पलाइन आहेच.

सेलूकर (सध्या पुणे)

थोडं विरोधात बोलतो, राग नसावा. सुपरवायझरशिवाय पाच जण एकमेकांना शाबासकी देत राहिले तर चुकीचं वळण पक्कं होतं. सर्टिफिकेशनला आयसीईईएफटीच्या, म्हणजे ईएफटीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, सुपरवायझरबरोबरचेच तास लागतात, तुमच्या रविवारचा एक तासही त्यात धरणार नाहीत. एवढी दगदग करून परभणीला कशाला जायचं?

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

सेलूकर सर, तास धरत नाहीत हे खरं, आणि पहिल्याच बैठकीत सगळ्यांना ते स्पष्ट सांगावं. पण सुपरवायझरपुढे काय न्यायचं, ते अशाच गटात कळतं. माझं म्हणणं, वर्गणी काढा आणि तीन-चार महिन्यांतून एकदा सुपरवायझरला ऑनलाइन बोलवा. फी पाच-सहा जणांत वाटली की झेपते. पुण्यात तुम्हाला कोपऱ्यावर सहकारी भेटतो, सर. धाराशिवच्या, हिंगोलीच्या माणसाला महिनोन्‌महिने कोणी भेटत नाही.

सेलूकर (सध्या पुणे)

वर्गणीचं पटलं. ऑनलाइन बैठकीला मी असेन, आणि दिवाळीत गावी आलो की परभणीलाही. सेलूहून काय, गाडीत बसलो की आलोच.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे आभार. बालाघाट ताई, पहिल्या भेटीचा रोल-प्ले आपण पहिल्याच बैठकीत घेऊ, तो तुम्हीच चालवा. रेघांचा कागद मी आणते. दिवस महिन्याचा दुसरा रविवार धरू या का? लातुरात पहिल्या रविवारी पालक येतात, मला निघता येत नाही. जागेचं परभणीवाल्या मैत्रिणीशी बोलले आहे, तिच्या क्लिनिकच्या वरची खोली रविवारी रिकामी असते आणि दार नीट लागतं. गोदाकाठ सर, परतीच्या गाडीचं तेवढं बघून ठेवा.

गोदाकाठ (नांदेड)

बघतो. मी नवरा होणार नाही, आधीच सांगतो. बायको करा मला.