वाडग्यासाठी ओलंच लाकूड घ्या
ओंडका वर्षभर वाळवल्याशिवाय लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) चढवू नये, हे काहींचं मत खुर्चीच्या पायांना लागू आहे, वाडग्याला नाही. अख्खा ओंडका वाळतावाळताच तडकतो. शेजारी पाडलेला आंबा मी त्याच आठवड्यात गाभ्यातून उभा चिरून कातायला घेतला. पटाशीखालून लांबच लांब ओल्या फिती निघत होत्या, हात पाण्याने भिजले.

२० सेंमीच्या वाडग्याची भिंत २ सेंमी, म्हणजे व्यासाचा दहावा भाग ठेवली. तंतू आडवे कापले जातात त्या दोन बाजूंना मेण लावलं, वाडगा कागदी पिशवीत घातला आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. वजन घटायचं थांबलं तेव्हा तोंड लंबगोल झालं होतं, पण जाडी शिल्लक असल्यामुळे पुन्हा गोल कातता आलं. पावसाळ्यात मात्र पिशवी उघडून बघत राहा, आंब्याला बुरशी फार लवकर धरते.