डिप्रेशनवर ‘डोक्याची सोनोग्राफी’? पत्ता मागणाऱ्यांनो, जरा थांबा

खटपट्या_कोथरूड
काल इथे एक पोस्ट आली, "सुई नाही, ऑपरेशन नाही, फक्त ध्वनिलहरी! डिप्रेशन, विसराळूपणा, निद्रानाश, सगळ्यावर उपाय" आणि खाली ‘पत्ता द्या’, ‘फी किती’ची ही रांग. सोनोग्राफी मशिनं दुरुस्त करण्यात हयात गेली माझी, त्यामुळे गप्प बसवेना.
तंत्र खोटं नाहीये. लो इंटेन्सिटी फोकस्ड अल्ट्रासाउंड, साधारण अर्धा मेगाहर्ट्झ, कारण पोटाच्या सोनोग्राफीची फ्रिक्वेन्सी वापरली तर बरीचशी लहर कवटीच शोषून घेते. 2014 मध्ये लेगॉन, टायलर वगैरे मंडळींनी माणसाच्या मेंदूत स्पर्शाचा जो भाग असतो त्याच्यावर परिणाम दाखवला. टीएमएसचं, म्हणजे डोक्यावर धरून मेंदू चेतवतात ते, चुंबक वरवरच पोचतं, हे थेट थॅलॅमसपर्यंत, मेंदूच्या आत खोलवरच्या भागापर्यंत जातं. भारीच आहे ते.
पण 2018 ला ‘न्यूरॉन’मध्ये दोन पेपर आले, गिनीपिग आणि उंदरांवरचे, आणि निघालं काय, तर मेंदूचा बराचसा प्रतिसाद कानावाटे येत होता! लहरींच्या पल्सचा आवाज हाडातून ऐकू जातो. मग चाचणीत पेशंटला खरा डोस दिला की खोटा, हे त्याला कळणारच ना? आता लोक हेडफोनवर दुसरा आवाज लावून तो झाकतात, म्हणजे लॅबमध्ये. क्लिनिकवाले झाकतात का विचारा.
आणि त्या पोस्टमधला फोटो बघा, केसांवरून हेअरबँड चढवलाय. अहो, केसांत जेल मुरवून बुडबुडे काढावे लागतात, हवेचा पातळ थर राहिला तरी लहर तिथूनच माघारी!

सिंहगडरोडची_लेक
काका, ज्ञान छान आहे. माझ्या बाबांचा हात इतका थरथरतो की चहा बशीत ओतला तरी निम्मा शर्टावर, लग्नकार्याला जायचं बंद केलंय त्यांनी. कंपावर हे अल्ट्रासाउंड अमेरिकेत मंजूर आहे, मी वाचलंय. तुमच्या गिनीपिगांना आवाज ऐकू गेला म्हणून आम्ही वाट बघायची?

खटपट्या_कोथरूड
ताई, ते वेगळं. 2016 ला मंजूर झालं ते हाय इंटेन्सिटी. पूर्ण टक्कल करून, एमआरआयमध्ये झोपवून, थॅलॅमसमधला ठिपका *जाळतात*. मी बोलतोय त्यात तापमान दोन अंशांनीही वाढू द्यायचं नसतं.

सिंहगडरोडची_लेक
मग हे पोस्टखाली स्पष्ट लिहायचं ना, टोमणे कशाला. पत्ता मागणारे सगळे मूर्ख नसतात, थकलेले असतात.

डॉ_फॉर्मग्रस्त
तुमचं चालू द्या. पण असली मशिनं इथे आली की पीसीपीएनडीटीत, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यात, नोंदणी लागणार का हे कुणी सांगेल? कवटीवर लावायचं असलं तरी आमच्याकडे ‘अल्ट्रासाउंड’ म्हटलं की संशयित. गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा जो फॉर्म एफ भरतात, त्यात माझा एक रकाना कोरा राहिला, मशिन सील! गरोदर बाई नवव्या महिन्यात, जुळं पोटात, तिला रिक्षाने दुसरीकडे पाठवली.

आजी_पण_कडक
रकाना भरायला किती वेळ लागतो हो डॉक्टर? महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, 1988 ला कायदा केला, तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 2001 ला 913 होत्या त्या 2011 ला 894. त्या काय फॉर्ममुळे कमी झाल्या?

डॉ_फॉर्मग्रस्त
ज्याने पाप केलं त्याला धरा की! कारकुनी चूक आणि लिंगनिदान एकाच मापाने?

आजी_पण_कडक
सुप्रीम कोर्टाने 2019 ला हेच सांगितलं, फॉर्म ही कारकुनी नाही. तिकडे जाऊन रडा. माझ्या जावेला दोनदा ‘तपासायला’ नेलं होतं, तिच्या सासूला मशिनवाल्याने बोटाने खूण केली, फॉर्म कोणी भरलाच नव्हता.

डॉ_फॉर्मग्रस्त
वाईट वाटलं. पण तो मी नव्हतो.

पेठेतला_निवांत
धागा मेंदूचा होता ना? अर्थात पुण्यात मेंदूवर बोलायला लागलं की सरकारी फॉर्मवर संपतंच. खटपट्या, एक विचारतो, या अल्ट्रासाउंडच्या ट्रायलमध्ये पेशंट घेतात म्हणे, ते खरं?

खटपट्या_कोथरूड
सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर मागा, वेबसाईटवर सापडतो का बघा, आणि प्रयोगाच्या उपचाराचे पैसे मागितले तर तिथून उठा. ताई, तुमच्या बाबांसाठी आधी न्यूरोलॉजिस्टला गाठा, गोळ्यांनीही बऱ्याच लोकांचा कंप कमी होतो. आणि हो, पोस्टखाली आधीच लिहायला हवं होतं, घ्या, झालं समाधान?

सिंहगडरोडची_लेक
अर्धं. गोळ्या चालू आहेतच, त्याने झोप येते त्यांना. नंबर मागते.

आजी_पण_कडक
डॉक्टर, रकाना कोणता होता, ते तरी सांगा.