कोजागिरीला गच्चीवर सगळ्यांनी मिळून गायचंय, पट्टी कोणती धरावी?

सुदामानगर_इंदूर:
वीसेक जण आहेत, बायका-पुरुष निम्मे-निम्मे, शिकलेलं कुणी नाही. अभंग आणि भावगीतं, पेटी-तबल्यावर. काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी 'सा') धरली की बायकांचा अंतरा वर अडकतो, काळी पाचला (तिच्या लगतची खालची काळी) पुरुषांचा 'सा' लागत नाही. काय करावं?

पेटी_भाता:
सगळ्या गाण्यांना एकच पट्टी नकोच. अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर आधी पेटीवर दाबा आणि तो बायकांकडून म्हणवून घ्या. तो ताण न पडता लागला, तर बाकीचं गाणं बसतंच. तार 'सा'च्या (वरच्या सप्तकातल्या 'सा'च्या) वर न जाणारं गाणं काळी एकमध्ये. तार गंधाराला (वरच्या 'ग'ला) जाणारं काळी पाचमध्ये. पुरुषांचा खालचा 'सा' दबका लागेल, लागू द्या, अंतऱ्यात ते भरून काढतात. मंद्र पंचम (खालचा 'प') ते मध्य धैवत (मधला 'ध') एवढ्यातच फिरणारं गाणं काळी तीनमध्ये, म्हणजे काळी एकचा मध्यम ('म') 'सा' करून.

धुमाळी८:
वरच्यात तबल्याचं भान ठेवा. काळी एकला लावलेला तबला काळी तीनच्या गाण्याला पंचम म्हणून चालतो, हातोडीला हात लावायची गरज नाही. काळी पाचला मात्र तोच कोमल गंधार होतो आणि कानाला बोचतो. ती गाणी एकत्र काढा आणि दुसरा तबला नसेल तर नुसत्या टाळावर म्हणा.

दव पडलं की पुडी (तबल्याचं कातडं) सैल होऊन सूर उतरतो, पेटी मात्र जागची हलत नाही. वाजत नसेल तेव्हा तबला रजईत गुंडाळून ठेवा. उतरलाच तर गजऱ्यावर (पुडीच्या काठचा वेणीसारखा गोफ) वरून हलके ठोके, समोरासमोरची घरं (वादीमधल्या जागा) घेत. एकाच बाजूला ठोकलंत तर चाटेचा (पुडीच्या कडेचा) सूर फाटतो.

टाळकरी:
टाळाची एकच जोडी, तीही तबल्याशेजारी. लय चढते ती ओळ संपल्यावर. तिथल्या मोकळ्या मात्रा लोक गिळतात आणि पुढची ओळ लवकर उचलतात. एकाने हात वर धरून ठेवायचा, हात खाली आला की सगळ्यांनी उचलायचं. दोन गाण्यांत सवय होते.

आणि सुरुवात साडेसातलाच करा. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकरच काय, वाद्यंही नियमात बसत नाहीत. दहाला पेटी खाली हॉलमध्ये न्या, दारं-खिडक्या लावा. दूध आटवायला तेव्हा ठेवलं तरी चालतं.