न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर महिनाभर सॅक पाठीवर घेऊन: नागपूरहून तयारी कशी करावी?

धरमपेठ_ते_डोंगर:

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघी मैत्रिणी (वय २३ आणि २४) न्यूझीलंडला जाऊन राहिलो आहोत. हातात साधारण चार आठवडे आहेत आणि मुक्काम दक्षिण बेटावरच. हॉस्टेलमध्ये राहायचं, बसने फिरायचं आणि मध्ये दोन-तीन मोठे ट्रेक करायचे, असा बेत आहे. एका दिवसाच्या ट्रेकची सवय आहे, पण सलग तीन-चार दिवस सगळं सामान वाहण्याची नाही.

विचारायचं ते असं. गाईडशिवाय कोणत्या वाटा जमतील? टेन्ट न्यावा की हटमध्ये, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या निवाऱ्यात, राहावं? इथून काय न्यायचं आणि काय तिथे घ्यायचं? दोघी शाकाहारी आहोत. आणि सपाट नागपुरात चढ-उताराचा सराव करायचा तरी कुठे?

सातपुडा_पायवाट:

गाईडची गरज नाही. तिथल्या मुख्य वाटा उत्तम आखलेल्या आहेत आणि फाट्याफाट्यावर पाट्या आहेत. आपल्याकडचा माणूस निघताना उंचीची आणि थंडीची काळजी करतो. तुम्ही ती पावसाची आणि नद्यांची करा. ज्या वाटांवर तुम्ही जाल त्या दोन हजार मीटरच्याही खाली आहेत, विरळ हवेचा प्रश्नच नाही. पण फिओर्डलँड म्हणजे बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या डोंगराळ भागात, मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या नागपूरचा आकडा अकराशेच्या आसपास आहे. शिवाय तिथे पावसाळा म्हणून वेगळा ऋतू नाही, भर उन्हाळ्यात म्हणजे फेब्रुवारीतही दोन दिवस धो धो कोसळू शकतो.

म्हणून वेळापत्रक करताना प्रत्येक मोठ्या ट्रेकला लागून दोन दिवस मोकळे ठेवा. पुढच्या गावातल्या हॉस्टेलचं बुकिंग वाया जाऊ नये म्हणून लोक फुगलेल्या नदीत पाय घालतात, आणि अपघात तिथेच होतात. चार आठवड्यांत दोन मोठे ट्रेक आणि चार-पाच एकदिवसीय, एवढंच ठरवा. तिसरा मोठा ट्रेक हवामानाने साथ दिली तर.

पहिल्यासाठी माझं मत केपलर ट्रॅक. ६० किलोमीटरची गोल वाट आहे, ते अनाऊ गावाजवळ सुरू होते आणि तिथेच परत येते, त्यामुळे दोन टोकांना गाडीची सोय बघावी लागत नाही. पहिल्या दिवशी तळ्याच्या काठाने ब्रॉड बे आणि मग जंगलातून चढत लक्समोर हट (१०८५ मीटर), एकूण १३.८ किलोमीटर. दुसरा दिवस पूर्ण उघड्या धारेवरून आयरिस बर्न हटपर्यंत १४.६. ट्रेकचं सगळं सौंदर्य या दिवसात आहे आणि सगळा धोकाही. धारेवर झाड नाही, वारा माणसाला ढकलतो, आडोसा म्हणून फक्त दोन छोटे शेल्टर आहेत. वाऱ्याचा इशारा असेल तर रेंजर काय सांगतो ते ऐका आणि लक्समोरवरून गुमान परत फिरा. तिसऱ्या दिवशी मोटुराऊ हट, १६.२ किलोमीटर, जवळजवळ सपाट. चौथ्या दिवशी ६ किलोमीटरवर रेनबो रीच लागतं, तिथून शटल मिळते. उरलेले साडेनऊ किलोमीटर पाय म्हणत असतील तर चाला.

राउटबर्न ३३ किलोमीटरचा आहे आणि देखणा आहे, पण एकमार्गी. पायी ३३ किलोमीटरवर असलेली दोन टोकं रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरपेक्षा लांब पडतात. शटलचा खर्च आधी धरा. मिलफर्ड ट्रॅकचा विचार सोडून द्या, त्याची बुकिंग उघडल्यावर मिनिटांत संपते.

या तिन्ही वाटा तिथल्या नावाजलेल्या 'ग्रेट वॉक'पैकी आहेत. त्यांच्या हटचं बुकिंग डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशनच्या साइटवर होतं, तिथे सगळे त्याला डॉक म्हणतात. भरलेलं दिसलं तरी रोज बघत राहा, लोक रद्द करतात आणि दोन जागा सुटतात. केपलरवर परदेशी पाहुण्यांचा दर स्थानिकांपेक्षा जास्त आहे, बजेटमध्ये तोच धरा.

एकदिवसीयमध्ये वानाकाजवळचं रॉयज पीक (१५७८ मीटर, जाऊन-येऊन १६ किलोमीटर) आणि आओराकी माउंट कुकचं सीली टार्न्स, २२०० पायऱ्या. क्वीन्सटाउनवरचं बेन लोमंड १७४८ मीटर. या तिन्हींना बुकिंग लागत नाही.

टेन्ट नेऊ नका. दोन किलो वजन वाढतं, आणि केपलरच्या वाटेपासून ५०० मीटरच्या आत ठरलेल्या जागा सोडून कुठेही तंबू ठोकायला मनाई आहे. हटमध्ये गादी मिळते, पांघरूण नाही. स्लीपिंग बॅग प्रत्येकीची वेगळी लागेल. ५ अंशाला आरामात झोपता येईल अशी पुरते.

काळी_माती:

सामानाबद्दल वर फारसं आलं नाही, म्हणून लिहितो. सगळ्यात आधी बूट. न्यूझीलंडची जैवसुरक्षा तपासणी अतिशय कडक आहे आणि त्यांना त्यात सूट देण्याचं काही कारण नाही, बाहेरच्या एका बीने तिथलं जंगल बिघडू शकतं. प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मवर ट्रेकिंगचे बूट आणि वापरलेलं सामान आहे असं स्पष्ट लिहा. लिहिलं आणि बूट स्वच्छ असले तर बघून परत देतात. जोखमीची वस्तू जाहीर केली नाही तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

आपल्या भागात दोन गोष्टी नडतात. पहिली काळी माती. ती तळव्याच्या खाचांत सिमेंटसारखी बसते, नुसत्या पाण्याने निघत नाही. बूट तासभर साबणाच्या कोमट पाण्यात तळव्यापुरते भिजवा, जुन्या टूथब्रशने खाच न् खाच घासा, टोकदार काडीने कोपरे काढा आणि सावलीत दोन दिवस वाळवा. उन्हात ठेवलं तर तळव्याचा गोंद सुटतो. दुसरी गोष्ट कुसळं. दिवाळीनंतर रानात फिरलेल्या मोज्यांत, लेसमध्ये, पँटच्या शिवणीत आणि सॅकच्या जाळीत ती अडकलेली असतात. ते बियाणंच आहे. सॅक पूर्ण उलटी करून झटका, चेन आणि वेल्क्रो तपासा, ट्रेकिंग पोलची टोकं धुवा. मोजे सरळ नवे घ्या.

मध अजिबात नेऊ नका. दूध-तुपाची मिठाईही नको. फळं, बिया, घरचं सुटं धान्य इथेच राहू द्या. बाकी जे काही खायचं नेत असाल ते जाहीर करा.

विमानात गॅसचा डबा कोणत्याच बॅगेत चालत नाही, लायटर आणि काडेपेटीही आपल्या विमानतळांवर काढून घेतात. दोन्ही तिथे मिळतात. स्टोव्ह नेणार असाल तर स्क्रू पद्धतीचा न्या, तिथे सगळीकडे त्याच आट्यांचे डबे असतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, १०० वॉट-अवरच्या आत. २०,००० एमएएचची ७४ वॉट-अवर होते, म्हणजे चालते. केपलरच्या हटमध्ये चार्जिंगची सोय नाही. ट्रेकिंग पोल चेक-इन बॅगेत.

कपड्यांत सुती काहीही नको, जीन्स तर नकोच. ओलं सुती कापड अंगावर वाळत नाही आणि १० अंश तापमानात वारा सुटला की शरीराची ऊब काढून घेतं. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचे दोन थर, एक फ्लीस, वर टोपीवाला रेनकोट. पाँचो घेऊ नका, धारेवर तो शिडासारखा फुगतो. सॅकचं रेन कव्हरही वाऱ्यात उडतं, त्यामुळे सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी लावून सगळं त्यात भरा. झोपायचे कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत. ते चालताना कधीच घालायचे नाहीत, कितीही भिजलात तरी.

धरमपेठ_ते_डोंगर:

खूप धन्यवाद, केपलरचं पक्कं करून राहिलो. जेवणाचं आणि सरावाचं कुणी सांगेल का? आणि वाटेत मोबाइलची रेंज असते का?

रामटेकवाली:

ताई, जेवणाचं सोपं आहे, फक्त वजन आणि गॅस यांचं गणित आधी करायचं. माणशी दिवसाला ६५० ते ७५० ग्रॅम कोरडा शिधा धरा. सकाळी ओट्स, दूध पावडर आणि मनुका. दुपारी न शिजवता खायचं, टॉर्टियात पीनट बटर किंवा चीज. आपली पोळी तिसऱ्या दिवशी वास मारते, टॉर्टिया टिकतो. रात्री कुसकुस किंवा नूडल्स, त्यात सुक्या भाज्या आणि मसाला. पातळ पोहे उत्तम, उकळतं पाणी ओतून झाकलं की झालं. क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानांतून घ्या. डाळ खायचीच असेल तर मसूर, बाकीच्या डाळी गॅस पितात. खाऊचा डबा वेगळा ठेवा, चालता चालता दर तासाला थोडं खायचं. थंडीत भूक उशिरा कळते.

केपलरच्या हटमध्ये ऑक्टोबरअखेर ते एप्रिलअखेर गॅसच्या शेगड्या असतात. भांडं, ताट, चमचा, लायटर मात्र आपलं. म्हणजे तिथे स्टोव्ह न्यायची गरज नाही. दुसरीकडे कुठे लागलाच तर २३० ग्रॅमच्या डब्यात वारा नसताना साधारण १५ लिटर पाणी उकळतं, दोघींना तीन दिवस पुरतं. वारा लागला तर दीडपट गॅस जातो. प्यायचं पाणी उकळून किंवा फिल्टर करून घ्या, ओढा कितीही नितळ दिसला तरी. पाण्यातल्या जिआर्डिया जंतूने पोट बिघडलं तर उरलेली सुट्टी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये जाते.

आता सराव. ते अनाऊचं तळं साधारण २०० मीटरवर आहे, म्हणजे लक्समोरपर्यंत चढ साडेआठशे ते नऊशे मीटरचा. दहा मजली इमारत धरा, एका फेरीत ३० मीटर. अशा तीस फेऱ्या झाल्या की त्या दिवसाइतका चढ झाला. सुरुवात दहा फेऱ्या आणि सॅकमध्ये ५ किलोपासून, दर आठवड्याला थोडं वाढवत १० ते ११ किलोपर्यंत. लिफ्टने उतरू नका. मांड्या आणि गुडघे उतारावर जातात, चढावर नाही, आणि दुसऱ्या दिवशी आयरिस बर्नचा उतार वळणावळणाने संपतच नाही. आठवड्यातून दोनदा जिने, एकदा सेमिनरी हिल्स ते फुटाळा असं दोन-तीन तास सॅकसह. महिन्यातून एकदा रामटेकचा गड, लागोपाठ चढ-उतर. निघायच्या आधी पचमढीला चौरागड आणि दुसऱ्याच दिवशी धूपगड चालत, सॅक भरूनच. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालता येतं का, ते तिथे कळेल. बूट नवे असतील तर हा सगळा सराव त्याच बुटांत करा.

सँडफ्लाय विसरू नका. चिलटाएवढी काळी माशी, पण चावा चार-पाच दिवस खाजतो. तळ्याकाठी, नदीकाठी आणि थांबलेल्या माणसावर बसते. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उघड्या त्वचेला डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम लावा. आणि सनस्क्रीन. नागपूरचं ऊन सोसलंय म्हणून दुर्लक्ष करू नका, तिथे २० अंशाच्या गार हवेतही अतिनील किरणं त्वचा भाजून काढतात. रात्री बूट हटच्या बाहेर ठेवले तर किया पोपट लेस आणि पॅडिंग ओढून काढतो.

नदीपार:

रेंज नसते. ते अनाऊ सोडलं की फोन फक्त कॅमेरा समजा. दोघींत मिळून एक पर्सनल लोकेटर बीकन भाड्याने घ्या, तिथल्या ट्रेकिंगच्या दुकानांत मिळतो. बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव केंद्राला जागा कळते. तो सॅकच्या तळाशी नाही, अंगावरच्या खिशात. उपग्रहावरून मेसेज करणारं यंत्र विकत घेऊन भारतात आणू नका. परवानगीशिवाय ते बाळगणं इथे गुन्हा आहे आणि विमानतळावर लोकांना अटक झालेली आहे.

घरी मुक्कामांची यादी द्या आणि एक ठरलेली वेळ लिहून द्या: अमुक तारखेला रात्री आठपर्यंत मेसेज आला नाही तर न्यूझीलंड पोलिसांना कळवायचं. फेब्रुवारीत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं, ती वेळ कुणाची हेही लिहा. प्रत्येक हटमध्ये नोंदवही असते, त्यात नाव आणि पुढचा बेत लिहायचाच. त्या रात्री तिथे थांबणार नसाल तरी.

नद्यांबद्दल वर लिहिलंय ते खरं आहे, पण एक भर. केपलर आणि राउटबर्नच्या मोठ्या नद्यांवर पूल आहेत. तिसरा ट्रेक एखाद्या आडवाटेचा निवडाल तर तिथे पूल असेलच असं नाही. पाणी गढूळ झालं, लाकडं वाहत आली, तळाशी दगड गडगडताना ऐकू आले, की उतरायचं नाही. फांदी पाण्यात टाका आणि काठाने चाला. ती तुमच्या चालीपेक्षा पुढे गेली तरी उतरायचं नाही. तिथल्या डोंगरी नद्या जितक्या झपाट्याने चढतात तितक्याच उतरतात, पाऊस थांबल्यावर रात्रभर थांबलात तर सकाळी वाट मोकळी होते. त्यासाठी सॅकमध्ये एका दिवसाचा जास्तीचा शिधा हवा. उतरायचंच तर पात्र रुंद आणि पसरट असेल तिथे, खाली धबधबा किंवा अडकलेली झाडं नसतील तिथे. सॅकचा छातीचा पट्टा सोडा. दोघींनी एकमेकींची पाठ आणि सॅक यांच्यामधून हात घालून घट्ट धरा, दणकट असेल ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला, आणि पाऊल बरोबर टाका. बूट काढू नका, अनवाणी पाय दगडावरून सटकतो.

सीताबर्डी_तिकीटखिडकी:

व्हिसाचं थोडक्यात. व्हिजिटर व्हिसा ऑनलाइन अर्जाने मिळतो. माणशी दर महिन्याला १००० न्यूझीलंड डॉलर खर्चाची तयारी दाखवावी लागते, शिवाय १०० डॉलरचा पर्यटक कर अर्जासोबतच भरायचा. मराठीतली कागदपत्रं असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. हटचं बुकिंग मात्र त्याआधी करावं लागतं, रद्द करण्याचे नियम वाचून करा.

तिकिटात सिंगापूरवरून थेट क्राइस्टचर्चला उतरणं सोयीचं, दक्षिण बेटावरच पोचता. ऑस्ट्रेलियावरून जाणारं तिकीट स्वस्त दिसतं, पण भारतीय पासपोर्टला तिथून फक्त विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो फुकट आहे, अर्ज मात्र आधी करावा लागतो, नाहीतर नागपूरहून मुंबईला पोचून तिथेच अडकाल.

विमा घेताना ट्रेकिंग वगळलेलं नाही ना, ते पॉलिसीत शोधा. तिथे अपघातात दुखापत झाली तर पाहुण्यांच्याही उपचाराचा बराच खर्च सरकारी अपघात योजना उचलते. आजारपण आणि घरी परत आणण्याचा खर्च त्यात येत नाही, तो विम्यातच हवा. ६ फेब्रुवारीला वाइटांगी दिनाची सुट्टी असते, त्याच्या आगेमागे क्वीन्सटाउन आणि वानाकाची हॉस्टेल भरतात, ती आत्ताच बुक करून टाका.